जो कमी गळतो

काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला जनावर घेऊन आलेला माणूस पिशवीत एखादी बिघडलेली वस्तूही घेऊन येतो आणि सौद्याआधी ती नानांच्या टपरीवर टाकतो. सौदा होईस्तोवर वस्तू दुरुस्त होते. गिऱ्हाईक दुरुस्त व्हायला मात्र वेळ लागतो. ती का बिघडली हे ऐकवल्याशिवाय नाना वस्तू हातात देत नाहीत.

परवा एकानं शेताच्या कुंपणाचं झटका मशीन आणलं. "नाना, रानडुक्कर मक्यात लोळतंय, अन् जाताना तारेला पाठ घासून जातंय!"

नानांनी झाकण काढलं. आत दोन डायोड एकापुढं एक जोडलेले, दोन्ही गेलेले. "हे कुणी केलं?"

"आमच्याच वस्तीवरच्या पोरानं. म्हणला, ४००७ डायोड हजार व्होल्टचा, दोन लावले की दोन हजार. हिशेब बरोबर हाय की."

"वहीत बरोबर हाय." नानांनी चष्मा कपाळावर चढवला, म्हणजे आता सुटका नाही. "कपॅसिटर सहाशेला भरून बसलेला. ट्रान्सफॉर्मर उलटा फिरला की त्याचे सहाशे वर. डायोडांनी उलटे बाराशे अडवायचे. एकाला झेपत न्हाईत म्हणून दोन. पण वाटणी सहाशे-सहाशेच होईल हे कुणी सांगितलं? भावाभावांत तरी होती का?"

गिऱ्हाईकाची नजर बाजाराकडं.

"हिकडं बघ. उलट्या बाजूनं हरेक डायोड जरा जरा गळतो. एक जास्त, एक कमी. मग ताण कुणावर?"

"जास्त गळणाऱ्यावर."

"हितंच फसलास! जो कमी गळतो त्याच्यावर. त्याच्या बोकांडी हजाराच्या वर बसले की तो शॉर्ट. मग सगळे बाराशे दुसऱ्यावर. तोबी गेला. अन् डुक्कर पाठ खाजवतंय."

नानांनी तीन नवे डायोड जोडले आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना रेझिस्टर लावले, तेही चारशे सत्तर केचे दोन-दोन जोडून. कारण चारशे व्होल्ट रेझिस्टरलाही झेपले पाहिजेत. "डायोडची गळती जास्तीत जास्त पाच मायक्रोअँपियर. ह्यातनं चारशेच्या वर सांडतात. एवढं राजरोस सांडल्यावर कोण किती चोरून गळतंय, हे इचारतंय कोण? तिघांना चारशे-चारशे." अचानक येणाऱ्या हिसक्यासाठी त्यांनी प्रत्येकावर एक बारका कपॅसिटरही टाकला.

मशीन टकटक वाजू लागलं. गिऱ्हाईकानं ते उचललं. "पैसं फुडच्या शनिवारी, नाना."

नानांनी मान हलवली. चहा घेऊन आलेल्या काकू तिथंच थांबल्या.

"देवळाचा भोंगा फुकट. थोरल्या भावजींचा स्टार्टर फुकट. शाळेची घंटा फुकट. आता डुकरांचं मशीन उधार. साऱ्या गावाचा ताण तुमच्यावरच का, कळलं का? तुम्ही कमी गळता! स्वतःला लावून घ्या की एखादा रेझिस्टर."

"लावलाय की," नाना सोल्डरिंगच्या धुराआडून म्हणाले, "हळद लागली तवाच."

"म्हणूनच मी तापते!" काकूंनी मशीन गिऱ्हाईकाच्या हातातून काढून काउंटरवर ठेवलं आणि नुसतं त्याच्याकडं पाहिलं.

त्याचा हात मुकाट्यानं बंडीच्या खिशात गेला.