पिझ्झ्याचा टंच

खामगावात चांदीच्या धंद्यात जन्म घालवलेला माणूस कशावरच एकदम विश्वास ठेवत नाही. बाजारात कांदा घेतला तरी आधी हातावर तोलतो, मग नखाने टोकरून पाहतो. आमचे काका त्यातले. सख्खे नव्हेत, पण रजतनगरीत असे काका गल्लीआड एक सापडतात. दुकान आता थोरल्याकडे आणि धाकटा पुण्यात कम्प्युटरवर. त्यामुळे टंच काढायला, म्हणजे शुद्धता पारखायला, काकांच्या हाताशी काही उरलं नव्हतं. ती जागा पिझ्झ्याने घेतली.

धाकट्याने आम्हाला पुण्यात नेपल्स पद्धतीचा पिझ्झा खायला नेलं, तेव्हा मी सोबत होतो. काका हल्ली त्या संध्याकाळची जी हकिगत सांगतात, तिच्यात ते पहिल्या घासाला डोळे मिटतात. प्रत्यक्षात ते पहिला घास घ्यायलाच तयार नव्हते. ताटात आलं ते मधोमध ओलंगिच्च, कडेला फुगलेलं आणि वर काळे डाग.

"हे त जयलं," काका म्हणाले. "आन् मधात कच्चं. कापून बी नाई देल्लं. याचे सातशे रुपये?"

"बाबा, हा असाच असतो. ते बिबट्याचे ठिपके म्हणतात त्याला."

"बिबट्या आपल्या ज्ञानगंगेच्या जंगलात आहे. तो भाकरीवर बसत नाई."

काकांनी वेटरला बोलावून केचप मागितलं. तो अदबीने म्हणाला, "सॉरी सर, आम्ही केचप ठेवत नाही."

सगळं पालटलं ते या वाक्याने. गिऱ्हाईक मागतंय आणि दुकानदार नाही म्हणतोय! काकांच्या दुकानात मजुरीवर घासाघीस चालायची, पण टंचावर कोणी तोंड उघडलं की काका डबी मिटून आत ठेवायचे. केचप नाकारणाऱ्या त्या पोरात त्यांना आपला जातवाला भेटला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, काटा-सुरी उचलली आणि म्हणाले, "मंग याचे नियम काय हायेत, सांग."

धाकट्याच्या मोबाइलमध्ये नियम होते, आणि काय नियम! नेपल्समध्ये 1984 साली अस्सल पिझ्झा सांभाळणारी संस्थाच निघाली आहे. व्यास 35 सेंटिमीटरच्या वर नको. काठ एक ते दोन सेंटिमीटर. कणीक हाताने पसरायची, लाटणं वर्ज्य. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, पाचवं काही नाही. लाकडाच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंद, बस्स. एवढ्या थोड्या वेळात काठ फुगतो, डागाळतो आणि मधला भाग ओला राहतो, कारण भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास असते.

"साडेचारशे?" काका म्हणाले. "म्हंजे आपला मे महिना गुणिले दहा."

चीज म्हशीच्या दुधाचंही चालतं हे कळल्यावर तर ते हळवेच झाले. नागपुरी म्हैस आपल्या विदर्भाची, मग या इटलीवाल्यांनी उशिरा का होईना, खरं ओळखलं असं त्यांचं मत पडलं. (इटलीतल्या म्हशींना याची कल्पना नसावी.)

परत आल्यावर खामगावची शांतता गेली. आमच्याकडे पिझ्झा मिळतो. पाकिटातला तयार बेस, त्यावर गोड सॉस, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि किसलेलं चीज, एवढं सगळं विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये. पोरंटोरं मिटक्या मारत खातात, मीही खातो. काका मात्र तिथे खिशातून शिंप्याची टेप काढतात. काठ मोजतात. मग एक तुकडा मोडतात, तो उजेडाकडे धरतात आणि मान हलवतात. हातात कसोटीचा दगड तेवढा नसतो.

"काका, पाह्यता काय? खा ना, थंडा होऊन रायला."

"पन्नास टंचाचा बी नाई हा."

"कुरकुरीत लागते लोकायले, काका."

"लोकायले जर्मनची चांदी बी लागते. म्हनून काय म्या इकली?"

याच्यावर पिझ्झेवाला पोऱ्या काय बोलणार? तो केचपची बाटली पुढे सरकवतो. काका ती दोन बोटांनी परत ढकलतात.

लग्नाच्या बुफेत तर त्यांच्याजवळ उभं राहणं कठीण. पिझ्झ्याच्या टेबलाशी रांग लावून मागच्या माणसाला ते 1889 पासून सुरुवात करतात: राणी मार्गेरिता नेपल्सला आली, तिच्यासाठी लाल-पांढरा-हिरवा पिझ्झा केला म्हणतात, वगैरे. 2017 साली युनेस्कोने पिझ्झा भाजणाऱ्यांची कला वारसा म्हणून मान्य केली, इथवर पोचेतो मागच्याचा वरणभात संपलेला असतो. कोणी "काका, तुमाले इटलीचं काय पडलं?" असं विचारलंच, तर उत्तर तयार: 1870 साली व्हाइसरॉय मेयो खामगावच्या रेल्वेसाठी इथे आला, आपला कापूस मँचेस्टरला जायचा, म्हणजे विलायतेशी आपला व्यवहार जुना आहे. पिझ्झा यात कुठून शिरला, हे कळेस्तोवर काका गुलाबजामकडे वळलेले असतात. गुलाबजामला ते कोणताही नियम लावत नाहीत. सहा खातात.

काकू या सगळ्यावर एकदाच बोलल्या. "चाळीस वर्सं माही भाकर जराशी लागली की ताट सरकवत होते," एवढंच. काकांनी ऐकलं नाही. त्यांना हवं तेव्हा ऐकू येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका वावरात रोडग्यांचा बेत होता. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. गोवऱ्यांचा आर पाडला होता, रोडगे निखाऱ्यांत भाजत होते. काका घड्याळ काढून बाजूला बसले. नव्वद सेकंद झाले, मग नव्वद मिनिटंही होत आली. भुकेने त्यांचा चेहरा उतरला. शेवटी रोडगा निघाला. राख झटकून त्यांच्या पानात पडला तेव्हा फुगलेल्या कडेवर काळे ठिपके होते. पुण्यातल्यासारखेच, थोडे जास्त देखणे.

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. काकांनी रोडगा हातात तोलला, नखाने टोकरला आणि वाढणाऱ्याला परत केला.

"जयला हा. दुसरा दे."

"काका, बिबट्या हाय ना तो?"

"बिबट्या पुण्यात," काका म्हणाले. "इथं जयलं त जयलंच. आन् तूप आन जरा."