साडेपाच की सात?

"साडेपाच घ्यावं की सात, काही कळेना," मी जेवताना म्हणालो.

"साडेपाच," बायको ताटातून मान वर न करता म्हणाली. "सातला गेलं की पार्किंग मिळत नाही."

मराठीत अपूर्णांक उच्चारला की तो आधी घड्याळात जाऊन बसतो. मी बोलत होतो इंचांबद्दल. पॉइंट ट्वेंटीटू बोअरचं नेमबाजीचं पिस्तूल घ्यायचं होतं आणि त्याची नळी किती लांब असावी, या प्रश्नानं माझे तीन महिने खाल्ले होते. आणि खरं तर ते सातही नव्हतं; सहा पूर्णांक सात अष्टमांश होतं. घड्याळात सांगायचं तर सहा वाजून साडेबावन्न मिनिटं. इतकी काटेकोर वेळ आमचं मराठी मंडळ नाटकालासुद्धा देत नाही.

नळीचं हे वेड जुनं आहे. मी आठ वर्षांचा असताना जोतिबाच्या चैत्री यात्रेत फुग्यांच्या ठेल्यावर छर्‍यांची बंदूक हातात घेतली. रुपयाला पाच छर्रे. तीन मारले, तिन्ही फुग्यांच्या मधल्या पत्र्यावर टाणकन आपटले. चुलतभाऊ हसले, मी भोकाड पसरलं. बाबांनी बंदूक डोळ्यासमोर धरून पाहिली आणि निकाल दिला, "नळी वाकडी आहे हिची." ते ठेलेवाल्याशी तावातावानं भांडले, पण मला तेवढं वाक्य पुरलं. पुढं गणितात नापास झालो, स्कूटर चिखलात घातली, मुलाखतीत गडबडलो. प्रत्येक वेळी मनातल्या मनात कुठली तरी नळी वाकडी निघाली.

अमेरिकेत आलो तेव्हाच पिस्तूल घेणार होतो. पण इथं कामाच्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला सहसा कायद्यानं मनाई असते. म्हणजे आधी ग्रीन कार्ड, मग पिस्तूल. भारतीयांसाठी ती रांग केवढी असते हे वाचकांतल्या निम्म्या लोकांच्या घरात ठाऊक असेल. रांगेत उभा राहिलो तेव्हा हात स्थिर होता आणि चष्मा नव्हता. रांग संपली तेव्हा उलटं झालं होतं.

आमचं घर ओहायोत, कोलंबसजवळ. इथून उत्तरेला दोन-अडीच तासांवर, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. 1907 साली तिथं राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा सुरू झाल्या, म्हणजे इथल्या नेमबाजांची ती पंढरीच. अशा राज्यात राहून गोल्फ खेळणं मला पटेना.

आता थोडं नळीविषयी. पॉइंट ट्वेंटीटूची गोळी 'रिमफायर' असते. तिच्या बुडाच्या कडेची जी दुमड असते, तिच्यात ठिणगीचा मसाला भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटली की बार उडतो. लहानपणी टिकलीच्या गुंडाळीवर दगड मारून आपण हेच करत होतो, फक्त पुढं शिसं नव्हतं. गोळी स्वस्त, धक्का नावाला, आवाज लवंगीपेक्षा थोरला. म्हणून शिकणारा इथून सुरुवात करतो आणि पुष्कळ शहाणी माणसं जन्मभर इथंच राहतात.

लोकांना वाटतं, नळी लांब म्हणजे गोळी सरळ. तसं काही नसतं. चांगली आखूड नळीही गोळी माझ्यापेक्षा कितीतरी सरळ टाकते. लांब नळीचा फायदा डोळ्याला होतो. पिस्तुलाच्या टोकाला एक उभा खुंट असतो आणि मागं एक खाच. खुंट खाचेत मधोमध दिसला की नेम लागला. या दोघांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी चूक कमी. हिशेब त्रैराशिकाचा आहे. अंतर 200 मिलिमीटर असेल आणि खुंट खाचेत एक मिलिमीटर सरकला, तर 25 मीटरवर गोळी 125 मिलिमीटर बाजूला जाते. अंतर 250 केलं की 100 मिलिमीटर. म्हणजे 25 मिलिमीटरचा नफा. 25 मीटरच्या अचूक नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ मुळात 50 मिलिमीटर व्यासाचं असतं. हा नफा कागदावर मांडून मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "एक मिलिमीटर सरकवूच नकोस ना."

इंजिनिअर बायको करू नये.

तर पर्याय असे होते. रूगर कंपनीनं 1949 मध्ये पहिलं पिस्तूल काढलं, साडेसदतीस डॉलरला. त्याची नळी पावणेपाच इंच. दोन वर्षांनी खास नेमबाजीचं मॉडेल आलं, ते सहा पूर्णांक सात अष्टमांश. पुढं साडेपाच इंची, जाड नळीचं आलं आणि दुकानाच्या काचेआड आता जास्त करून तेच दिसतं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 41 हे 1957 पासूनचं घरंदाज पिस्तूल. तेही साडेपाच आणि सात अशा दोन मापांत मिळतं. अमेरिकन स्पर्धेच्या नियमात खुंट आणि खाच यांच्यात दहा इंचांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, तेवढं दोन्ही मापांना जमतं. पण आंतरराष्ट्रीय नियमांत नळी 153 मिलिमीटरपेक्षा लांब नको. साडेपाच इंच म्हणजे 140 मिलिमीटर, बसतं. सात इंची बाद. म्हणजे उद्या ऑलिंपिकचं बोलावणं आलं, तर केवळ नळीपायी मला घरी बसावं लागणार. या शक्यतेवर मी एक अख्खी रात्र घालवली. वय तेव्हा एकोणपन्नास होतं.

एवढ्यात कोल्हापूरहून आई आली. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पाचवारी घेऊ का नऊवारी, असंच की रे हे?"

"तसंच काहीसं."

"मग नेसणार्‍याला काय झेपतं ते बघायचं." थोडं थांबून म्हणाली, "आपल्या राहीकडं किती लांबीचं असतंय?"

राही म्हणजे राही सरनोबत. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलेली कोल्हापूरची मुलगी. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आई तिच्याविषयी अशी बोलते, जणू राही रोज आमच्याकडून विरजण नेत होती. मी सांगितलं की तिला 153 मिलिमीटरच्या आतलंच वापरावं लागतं.

"मग तुला का जास्त पायजे?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी वजनाकडं वळलो. सात इंची स्टीलची पिस्तुलं सव्वा किलोच्या आसपास भरतात आणि ते वजन पुढच्या टोकाकडं असतं. जाणकार सांगतात, जड टोक कमी थरथरतं. ते हेही सांगतात, की हात दमला की तेच टोक खाली बघायला लागतं. एका हातानं, सरळ ताणून धरायचं असतं हे. सवय व्हावी म्हणून मी रोज रात्री इस्त्री धरून भिंतीसमोर उभा राहू लागलो. आई ते दोन दिवस बघत होती. तिसर्‍या दिवशी तिनं मुकाट्यानं माझ्या दुसर्‍या हातात शर्ट दिला.

पिस्तूल घरात येण्याआधीच त्याची सामग्री मात्र आली. रिमफायरचा चाप रिकामा ओढत बसलं तर काही पिस्तुलांत पिन नळीच्या मागच्या तोंडाची कड ठोकून खराब करते. म्हणून सरावाला आत काहीतरी घालतात. यावर इथल्या नेमबाजांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. भिंतीत स्क्रू बसवण्याआधी ठोकतात ते पिवळे प्लास्टिकचे गट्टू पॉइंट ट्वेंटीटूच्या घरात नेमके बसतात. शंभरची पिशवी आणली. महिन्याभरात आमच्या घरात कॅलेंडर, किल्ल्यांची खुंटी, गणपतीची तसबीर आणि आईच्या जपमाळेचा हूक असं सगळं घट्ट बसलं. मला बारा गट्टू उरले.

मग दुकान गाठलं. काउंटरमागच्या पांढर्‍या दाढीच्या गृहस्थांना मी त्रैराशिक, वजनांचा तक्ता आणि ऑलिंपिकचा मुद्दा असं सगळं ऐकवलं. त्यांनी ते सौजन्यानं ऐकलं आणि विचारलं, "वर रेड डॉट लावणार का?"

रेड डॉट म्हणजे पिस्तुलावर बसवायची छोटी काच, तिच्यात लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथं, गोळी तिथं. हल्ली निम्मे लोक तेच लावतात. मग खुंटही नको, खाचही नको. आणि खुंट-खाच नाही म्हटल्यावर त्यांच्यामधलं अंतरही नाही. माझे तीन महिने त्या काउंटरवर पडले होते आणि ते गृहस्थ त्यांच्यावरून फडकं फिरवत होते.

"सगळी भाड्यानं मिळतात," ते म्हणाले. "मारून बघा."

शनिवारी आईला घेऊन रेंजवर गेलो. पाहुण्यांच्या व्हिसावर असल्यामुळं तिला पिस्तुलाला हातही लावायची परवानगी नव्हती. हे कळल्यावर ती खट्टू झाली. "बरं, मी बघत बसतो," म्हणाली. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. बायकोला लग्नानंतर वर्षभर वाटायचं की सासूबाई सासर्‍यांचा निरोप सांगताहेत. कानावर लाल मफ, नाकावर संरक्षक चष्मा, अंगावर इरकल नेसलेली आई मागच्या बाकावर काचेपलीकडं पर्स मांडीवर घेऊन बसली. येणारे-जाणारे तिला वाकून नमस्कार केल्यासारखे बघून जात.

शेजारच्या पट्ट्यावर एक सत्तरीचे आजोबा होते. त्यांच्या हातात वडिलांकडून आलेलं जुनं पावणेपाच इंची. काळा मुलामा झिजून नळी विळ्याच्या पात्यासारखी पांढरी पडली होती. ते एक गोळी मारत, पिस्तूल खाली ठेवत, श्वास घेत, पुन्हा उचलत. त्यांच्या कागदावर मधोमध एकच भोक होतं आणि ते हळूहळू रुंदावत होतं.

मी आधी आखूड मारलं, मग साडेपाच, मग सात. आखूड नळीला आपण थरथरतो हे नीट दिसत नाही, त्यामुळं मन प्रसन्न राहतं. सातला प्रत्येक थरथर ठळक दिसली. रेड डॉटवाल्याला तर ठिपका कागदावर अक्षरशः लेझीम खेळत होता. खुंटवाल्या तिघांचे कागद शेजारी लावून पाहिले. तिन्हींवर गोळ्या सारख्याच विखुरल्या होत्या, फक्त आखूडवाल्याच्या कागदावर मी जास्त आनंदात होतो. आणि तिन्हींवरच्या बहुतेक गोळ्या खाली होत्या. मधल्या वर्तुळाच्या खाली, डावीकडं, एखाद्या रुसलेल्या घोळक्यासारख्या.

बाहेर आलो तशी आई म्हणाली, "बार व्हायच्या आधीच तुझं डोळं मिटतंय. आणि हात असा खाली जातोय." तिनं पर्स धरलेला हात झटका देऊन दाखवला. "टिकल्या उडवतानापण असंच करायचास."

काउंटरवरच्या गृहस्थांनी मी न विचारताच तिचं म्हणणं ताडलं असावं. त्यांनी मॅगझिनमध्ये चार खर्‍या गोळ्यांत एक खोटी मिसळून दिली. कितवी, ते सांगितलं नाही. खोटी आली तेव्हा चाप नुसता खट्ट वाजला. बार नाही, धक्का नाही, आणि तरीही पिस्तुलाचं टोक इंचभर खाली गेलं. आई काचेमागून मान डोलवत होती.

मी साडेपाच इंची घेतलं. कारण विचाराल तर ते पुढच्या खणात होतं. फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, डबा ट्रंकमध्ये ठेवला आणि निघालो. घड्याळात पाहिलं तर नेमके साडेपाच. बायकोचं खरं होतं, पार्किंग रिकामं होतं.

हायवेला लागल्यावर मी म्हटलं, "आई, पण यात्रेतल्या त्या बंदुकीची नळी तरी वाकडी होती ना?"

"होती की."

"बघ."

"तू रडत बाबांचा हात धरून पुढं गेलास. दोन छर्रे उरलेले. पैसे दिलेले, वाया कशाला घालवायचे? मी मारलो."

"मग?"

"दोन फुटले."

"नळी वाकडी असताना?"

"उजवीकडं जात होती," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "म्हणून मी जरा डावीकडं धरलो."