भूतपालाचा शेरा

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत ब्राह्मी लिपीत एक परीक्षण कोरलेलं आहे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल त्यात सांगतो की हे शैलगृह मी पुरं केलं आणि अख्ख्या जंबुद्वीपात ते सर्वोत्तम आहे. काम पुरं करणारा तो, शेराही त्याचाच. मध्ये समीक्षक नाही, म्हणजे मानधनाची कटकटही नाही.

आजही आपलं तसंच चाललंय, फक्त सोय वाढली. मित्राने प्रस्तावना लिहायची, त्यानेच प्रकाशनाला अध्यक्ष म्हणून बसायचं आणि पंधरवड्याने रविवारच्या पुरवणीत तीच प्रस्तावना झटकून परीक्षण म्हणून छापायची. कविता असेल तर 'आश्वासक', कादंबरी असेल तर 'अस्वस्थ करणारी'. चित्रप्रदर्शनात काहीच कळलं नाही तर 'अवकाश' हा शब्द दोनदा वापरायचा. आणि शेवटी हमखास, 'मुद्रणदोष टाळता आले असते तर बरे झाले असते.' म्हणजे पुस्तकात चुकला तो एकटा मुद्रितशोधक!

अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह काढून कवींच्या टोप्या उडवल्या. आज कुणी ते धाडस केलंच, तर संध्याकाळच्या आत साहित्यिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्याची हकालपट्टी.

परखड कलासमीक्षा मावळात औषधाला उरली आहे ती कार्ल्याजवळच्या लोणावळ्यात, मेणाच्या पुतळ्यांसमोर. हातात चिक्कीची पिशवी घेतलेली मावशी पुतळ्याला खालून वर न्याहाळते आणि म्हणते, "नाक फसलंय." एका वाक्यात दोष, तोही जागा दाखवून. 'अवकाश' वगैरे काही नाही.

भूतपालाची बाजूही मांडायला हवी. त्याचं चैत्यगृह सव्वाशे फुटांच्या आसपास लांब, देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यांत मोठं. दोन हजार वर्षं लोक डोंगर चढून पडताळा घेतायत आणि शेरा अजून खोटा पडलेला नाही. शिवाय दार करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी सुताराचं नावही तिथे कोरलंय. आमच्या परीक्षणात मुखपृष्ठ करणाऱ्याचं नाव दुर्बीण लावून शोधावं लागतं.

तेव्हा परीक्षकहो, पुढच्या रविवारी फसलेली एक तरी कविता दाखवा. पान क्रमांकासकट.