शेपटावरची भांडणं

फाईलमध्ये एक स्वल्पविराम सुधारावा आणि गिटने अख्खी फाईल बदलल्याचा बोभाटा करावा. आधी सगळ्या ओळी लाल, खाली त्याच सगळ्या हिरव्या. तो स्वल्पविराम सोडला तर डोळे फाडून पाहिलं तरी दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. फरक असतो ओळ संपते तिथे, आणि तिथे कोण बघतंय?

या फरकाचं मूळ टेलिटाइप यंत्रात आहे. १९६३च्या मॉडेल ३३मध्ये ओळ संपली की छापणारं डोकं डावीकडे परतायचं आणि कागद एक ओळ वर सरकायचा. दोन कामं, म्हणून दोन चिन्हं: आस्कीतली १३ (सीआर) आणि १० (एलएफ). वेग सेकंदाला दहा अक्षरं. डोक्याला परतायला एका अक्षराइतका वेळ पुरायचा नाही. दुसऱ्या चिन्हामुळे जरा उसंत मिळायची. यंत्रं भंगारात गेली, पण डॉसने आणि मग विंडोजने ही जोडी इमानाने सांभाळली. युनिक्सने नुसत्या १०वर भागवलं, जुन्या मॅकने नुसत्या १३वर. विंडोजच्या नोटपॅडला एकटा १० कळायला तर २०१८ उजाडलं. तोवर युनिक्सची फाईल त्यात एका लांबलचक ओळीत उघडायची.

गिटने तोडगा दिला, ही चिन्हं आपोआप बदलणारं ऑटोसीआरएलएफ. पण हे सेटिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर, म्हणजे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. एकाचं ट्रू, दुसऱ्याचं फॉल्स, तिसऱ्याने इन्स्टॉल करताना डोळे मिटून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ केलेलं. मग एखाद्याची स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत अडून बसते, कारण बॅशच्या नावामागे १३ चिकटलेला.

मला विचाराल तर नियम रिपॉझिटरीतच हवा. गिटअॅट्रिब्यूट्सची फाईल कमिट करावी: सर्वसाधारण टेक्स्ट ऑटो, शेल स्क्रिप्टला एलएफ, बॅच फाईलला सीआरएलएफ, चित्रांना हात लावायचा नाही. मग एकदाच सगळ्या फाईली त्या नियमाप्रमाणे रीनॉर्मलाइझ, वेगळ्या कमिटमध्ये.

ते कमिट करायला मात्र कुणी पुढे येत नाही. त्यानंतर गिट ब्लेम त्या सगळ्या ओळी कमिट करणाऱ्याच्याच नावावर लावतं, सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तशा. मध्यरात्री काही बिघडलं की फोन त्यालाच. असं कमिट वगळायची यादीही ब्लेमला देता येते. रिपॉझिटरीत ती ठेवताही येते. फक्त ती वाचायला ब्लेमला सांगणारं सेटिंग पुन्हा ज्याच्या त्याच्या मशीनवर!