ओव्हरटेकचा अधिकार

चीनमध्ये गाडी आपण चालवली, असं आमचे हे सगळ्यांना सांगतात. सांगू देत. गाडी सोलापूरची, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. आणि चीनमधली सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. त्यामुळे पुढे ट्रक आला की ह्यांना त्या ट्रकचा मागचा फाळका आणि कडेचं गटार, एवढंच दिसायचं. समोरून काय येतंय ते दिसायचं डावीकडे बसलेल्या माणसाला, आणि तिथे मी होते. "जाऊ का?" हे ह्यांनी मला फ्लॅट घेताना विचारलं नव्हतं, नोकरी सोडताना विचारलं नव्हतं; तिबेटच्या घाटात मात्र दर वळणाला विचारत होते. मी नीट बघून "जा" म्हणायचे. त्यावर हे "नक्की?" म्हणायचे. तेवढ्यात समोरून दुसरा ट्रक यायचा. मग मागून सासूबाई, "अरे, कशाला पुढे जायचंय? तोही तिकडेच चाललाय ना?"

या प्रवासामागे ह्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. विमानाने जाणारे ते टूरवाल्यांचे ताबेदार. आपली गाडी, आपली मर्जी, वाटेल तिथे थांबू, वाटेल तिथे वळू. गोरखपूर, काठमांडू, रसुवागढी, इथपर्यंत हे तत्त्वज्ञान झकास चाललं. पुढे चीन लागला. चीनमध्ये आपलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट चालत नाही. बाहेरची गाडी न्यायची तर तिथल्या एजन्सीमार्फत परवानग्या, गाडीची तपासणी, तात्पुरती चिनी नंबरप्लेट, तात्पुरतं चिनी लायसन्स आणि सोबत गाइड. कुठल्या रात्री कुठल्या गावात मुक्काम, हे घरून निघण्याआधीच लिहून दिलेलं. वाटेल तिथे थांबण्याचा हक्क उरला तो फक्त सासूबाईंना, आणि तो त्यांनी मनसोक्त बजावला.

सीमेपलीकडच्या कीरोंगच्या कस्टममध्ये सगळं सामान उतरवून घेतलं. पुस्तकं चाळली, नकाशे उलगडले, आणि घोडं अडलं ते सासूबाईंच्या पिशवीपाशी. पिशवीत कडक भाकऱ्यांची चळत होती. अधिकारी पोरसवदा होता. त्याने हातमोजा घातलेल्या हाताने एक भाकरी उचलली, उजेडासमोर धरली, बोटाने टकटक केलं. खणखणीत आवाज आला. त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनीही टकटक केलं. चळत पुन्हा एक्स-रेमधून गेली. आमच्या मुलीने फोनवर चिनीत 'खाण्याचा पदार्थ' असं दाखवलं; दोघांनी फोनकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं, आणि फोन खोटं बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. भाकरी काडकन मोडली, वर शेंगाचटणी भुरभुरवली, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा साहेबांपुढे धरला. साहेबांनी मान हलवून नको म्हटलं आणि शिक्का मारला. सरकारी माणूस न खाता काम करतो, हे ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

गाइड मागे, सासूबाई आणि मुलगी यांच्या मधोमध बसला. पाय लांब, जागा तोकडी. कीरोंग सुटून खिंडीला लागेपर्यंत सासूबाईंनी मुलीला दुभाषी करून त्याचं गाव, आईवडील, भावंडं, पगार आणि लग्न का जमत नाही, हे सगळं काढून घेतलं होतं. आमच्या परवानग्यांचे कागद मागण्याचा अधिकार त्याचा होता, पण चौकशी त्याचीच चालली होती. तिबेट संपल्यावर गोलमुडला तो उतरला आणि दुसरा आला. सासूबाईंनी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

खिंड ५००० मीटरच्या वर आहे. तिथे डिकीत फाट्कन आवाज झाला. हे टायर फुटला म्हणून कचकन थांबले, खाली उतरून चारही चाकांना लाथा घालून आले आणि धापा टाकत बसले, कारण त्या उंचीवर चार लाथा हा मोठा व्यायाम आहे. फुटलं होतं भडंगाचं पाकीट. हवेचा दाब कमी झाला की बंद पाकिटं टम्म फुगतात. उरलेली मुलीने सुईने टोचून शांत केली. तिंगरीला भात शिजेना. ४३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, तांदूळ नुसता गरम पाण्यात पोहतो. सासूबाई हातवारे करत थेट खानावळीच्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथे कुकर बघून त्यांचा तिबेटी संस्कृतीबद्दलचा आदर एकदम वाढला.

ल्हात्सेजवळ रस्त्याच्या कडेला ५००० किलोमीटरचा दगड आहे. शांघायपासून निघालेला जी-३१८ महामार्ग तिथवर येतो, आणि चिनी प्रवासी त्या दगडाला मिठ्या मारून फोटो काढतात. ह्यांनीही मारली. आपण शांघायहून आलेलो नाही, याची आठवण मी करून दिली नाही.

रस्ता चुकण्याची सोय मात्र चीनने ठेवली आहे. आम्ही घरून उतरवून आणलेला नकाशा होता, पण चीनमध्ये नकाशे मुद्दाम काहीशे मीटर सरकवण्याची सरकारी पद्धत आहे; त्यामुळे उपग्रहाने सांगितलेली जागा आणि नकाशावरचा रस्ता यांचं जमत नाही. शिगात्से ते ल्हासा या टापूत आमची गाडी पडद्यावर चांगली तासभर ब्रह्मपुत्रेतून चालली होती. "अरे, काच वर घे," सासूबाई म्हणाल्या. शेवटी मुलीने चिनी ॲप घेतलं आणि त्यातली बाई बोलायला लागली. ती बाई, गाइड, मी आणि सासूबाई असे चौघं मिळून गाडी चालवत होतो. हे फक्त क्लच दाबायचे.

ल्हासाचा पोताला राजवाडा पाहिला, तांगुला खिंड ओलांडली, शेजारून ल्हासाची रेल्वे आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेली. त्या पठारावर रस्त्याखालची जमीन बारमाही गोठलेली असते आणि वरचा थर उन्हाळ्यात सैल होतो, म्हणून सरळ दिसणारा डांबरी रस्ता गाडीला लाटांवर खेळवतो. याबद्दल अधिक लिहीत नाही. मुलीची तब्येत आठवते.

दुनहुआंगला वाळूच्या टेकड्यांपाशी उंटांसाठी सिग्नल आहे. गंमत नव्हे, २०२१ मध्ये बसवलाय. हिरव्या दिव्यात हिरवा उंट, लाल दिव्यात लाल उंट. पर्यटक घेऊन जाणाऱ्या उंटांची आणि पायी चालणाऱ्यांची टक्कर होऊ नये म्हणून. लाल उंट लागला, खऱ्या उंटांची भली लांब रांग रवंथ करत थांबली, आणि रस्ता पायी ओलांडायला निघालेले हे सवयीने माझ्याकडे वळून म्हणाले, "जाऊ का?"

मी डावीकडे पाहिलं. "जा."

"नक्की?"

उंट निघाले.

तुर्फानला उन्हाने डोकं फिरतं. त्याच्याजवळ गाओचांगच्या मातीच्या पडक्या भिंती आहेत. सातव्या शतकात भारताकडे निघालेला चिनी भिक्षू ह्युएन त्सांग इथे आला होता. देश सोडायला बादशहाची बंदी असताना हा माणूस परवानगी न घेताच निघालेला. इथल्या राजाला तो इतका आवडला, की राजा त्याला सोडेना. तेव्हा त्याने अन्नपाणी वर्ज्य केलं. राजा नरमला आणि पुढच्या राजांसाठी २४ शिफारसपत्रं देऊन त्याला वाटेला लावलं. "बघ," सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "तू दोन वर्षं एजन्सीला ईमेल करत बसलास. उपास धरला असतास तर?"

हाच ह्युएन त्सांग पुढे पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा वचपा काढल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. मुलीने हे वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी काही क्षण विचार केला आणि आमच्या लग्नात माझ्या मामांनी केलेल्या मानपानाचा विषय काढला. गाओचांगच्या अवशेषांबद्दल मला बाकी फारसं आठवत नाही.

शिनजियांगमध्ये पंपावर डिझेल भरायचं म्हणजे कवायत होती. फाटकापाशी सगळ्यांनी उतरायचं, ड्रायव्हरने एकट्याने आत जायचं. हा ह्यांचा संपूर्ण प्रवासातला स्वतंत्र ड्रायव्हिंगचा काळ, लांबी अंदाजे चाळीस मीटर. आम्ही तिघी आणि गाइड बाहेर उन्हात. नाक्यानाक्यावर पासपोर्ट तपासणी. सोलापूर म्हटल्यावर कोणाचा चेहरा हलत नसे, म्हणून सासूबाईंनी डॉ. कोटणीसांचा आधार घेतला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. चिन्यांना ते के दीहुआ म्हणून माहीत आहेत. सासूबाईंनी ते नाव पाठ केलं. एका नाक्यावर म्हाताऱ्या पोलिसाने ते ऐकून सलाम ठोकला. पुढच्या नाक्यावर, या नावाचा पाचवा प्रवासी कुठे आहे म्हणून डिकी उघडायला लावली.

काशगरला नेमकी संकष्टी आली. सासूबाईंकडे दाते पंचांग होतं, तेही सोलापूरचंच. आता गंमत अशी, की काशगर जवळजवळ सोलापूरच्याच रेखांशावर आहे. सरळ उत्तरेला. दोन्हीकडे माध्यान्ह एकाच वेळी होते. पण अख्ख्या चीनला घड्याळ एकच, बीजिंगचं, आपल्यापुढे अडीच तास. जूनमध्ये तिथे रात्री दहालाही सूर्य मावळलेला नसतो. तिथली बरीच माणसं आपापसात दोन तास मागचं घड्याळ वापरतात, हॉटेल मात्र बीजिंगचंच. सासूबाईंनी सातला दिवा लावायला घेतला तेव्हा बाहेर पोरं उन्हात क्रिकेट नाही, पण कसलातरी चेंडू खेळत होती. चंद्रोदय पंचांगात रात्री दहाच्या सुमाराचा. त्यात अडीच तास मिळवा. शिवाय काशगर इतकं उत्तरेला, की जूनच्या संकष्टीचा चंद्र तिथे आणखी रेंगाळतो. बारा वाजले. "तारीख बदलली, आजी," मुलगी म्हणाली, "उपास कालचा होता, सोड." सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

साडेबारा झाले. गच्चीला कुलूप, म्हणून आम्ही सगळे फुटपाथवर, पूर्वेकडे तोंड करून. गाइड बिचारा जांभया देत. वाळवंटातली धूळ क्षितिजावर अशी पसरलेली, की चंद्र उगवला असला तरी कळायला मार्ग नाही. एवढ्यात गस्तीची गाडी थांबली. मध्यरात्री परदेशी कुटुंब आभाळाकडे बघत उभं म्हटल्यावर पोलिसाने पासपोर्ट मागितले. गाइड बराच वेळ काहीतरी समजावत होता, मध्येच सासूबाईंकडे, मध्येच आभाळाकडे हात करत होता. पोलिसाने आभाळाकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा आभाळाकडे पाहिलं आणि कोणालातरी फोन लावला.

"त्याला विचार," सासूबाई गाइडला म्हणाल्या, "चंद्रालाही परवाना लागतो का इथे?"

मुलीने इंग्रजीत सांगितलं. त्याचं चिनी करायला गाइडने साफ नकार दिला.