कोरड्या धबधब्याचं वकीलपत्र

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर टेबल. टेबलावर पाण्याचा जग, एक टॉवेल, एक माकडटोपी आणि जाडजूड फाइल. वक्ता काळा कोट घालून येतो. कोटाच्या खिशातून लहान मुलाची प्लास्टिकची चप्पल डोकावते आहे. तो नमस्कार करून फाइल उघडतो.)

मंडळी, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या आणि आसपासच्या समस्त पालकांनी माझ्या अशिलावर फिर्याद केली आहे. अशिलाचं नाव गिरा धबधबा, मुक्काम आंबापाडा, तालुका वघई, जिल्हा डांग. आरोप असा, की डिसेंबरातल्या रविवारी माणसं पोराबाळांना इको गाडीत कोंबून शंभर किलोमीटर जातात आणि सदर इसम त्यांना पुरेसं पाणी दाखवत नाही. पुरावा म्हणून मोबाइलवरचा फोटो जोडला आहे. फोटोत पाण्याची तांबूस भिंत, वर धुकं, खाली फेस. फोटो झकास आहे, फक्त तो ऑगस्टचा आहे. माझा बचाव सरळ आहे. माझ्या अशिलाचं काही चुकलेलं नाही. उलट मुलांना धबधब्याला न्यायचं असेल तर ते हिवाळ्यातच न्यावं, पाणी उतरल्यावरच न्यावं, असं माझं म्हणणं आहे. (टॉवेल उचलून दाखवतो.) हा टॉवेल फिर्यादीचा. कोरडा गेला, कोरडा परत आला. याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण टॉवेल ओला झाला नाही म्हणून सहल वाया गेली, हा कायदा कुठल्या पुस्तकात आहे?

आधी पंचांग बघू. लूमचं खातं, मुलांची शाळा आणि धबधब्याचं पाणी या तिघांची सुट्टी एका तारखेला पडत नाही. पाणी जुलै-ऑगस्टात असतं, तेव्हा शाळा नुकती रुळावर आलेली असते. दिवाळीत शाळेला सुट्टी आणि खातंही बंद, पण तेव्हा सचिन-उधन्यातला खानदेशी माणूस भुसावळच्या गाडीत एका पायावर उभा असतो, कारण गावी जायचं असतं. उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, सुट्टी आहे, पण त्या दिवशी पोराला गच्चीवरून खाली उतरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मे महिन्यात लग्नं. तीही अशा नातेवाइकांची, ज्यांच्याकडे गेलो नाही तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल. या सगळ्यातून उरतो तो थंडीतला एखादा रविवार. तो तुम्ही निवडलेला नसतो, तो उरलेला असतो. आणि जो दिवस आपल्या वाट्याला उरला, त्या दिवशी निसर्गाने ऑगस्टची ड्यूटी करावी, अशी आपली मागणी आहे. ओव्हरटाइम न देता!

फिर्यादी म्हणतील, 'मग एक दिवस शाळा बुडवू, पण पावसातच जाऊ.' इथे मी विनोद दोन मिनिटं बाजूला ठेवतो. (माकडटोपी टेबलावर सरळ ठेवतो.) ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं. एक बाई आणि चार मुलं. पाणी आधी पायाला लागेल एवढंच होतं, मग वाढलं. डोंगरातल्या ओढ्याचा स्वभावच असा आहे. पाऊस वर पडतो, आपण खाली असतो, आणि आपल्या डोक्यावरचं आभाळ मोकळं असलं तरी वरचं पाणी आपल्याला विचारून निघत नाही. गोव्याचा दूधसागर बघा. कुळ्याहून तिथे जाणाऱ्या जीपगाड्या ऐन पावसाळ्यात बंद असतात आणि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे ज्यांचं पोटच धबधब्यावर आहे, ती माणसंसुद्धा पाणी उतरल्यावरच तुम्हाला पायथ्याशी नेतात. आपण मात्र सहा वर्षांच्या पोराला पुरात नेऊन वर सांगणार, 'बाळा, हसत उभा राहा, फोटो काढतो.'

'ठीक आहे, पण पाणी गेलं कुठे?' हा खरा प्रश्न आहे, आणि तो मुलंच विचारतात. मोठी माणसं थेट तक्रार करतात. डांगात वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जमिनीखाली काळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा दगड पाणी फारसं साठवत नाही. आलेलं पाणी वाहून जातं आणि दिवाळीनंतर नदी हळूहळू धारेवर येते. सुरतेच्या मुलाला हे ठाऊक नसतं, कारण त्याने पाहिलेली नदी म्हणजे तापी. तापीला डिसेंबरात पाणी असतं, कारण तिच्या मागे १९७२ पासून उकाईचं धरण उभं आहे. माझ्या अशिलाच्या डोक्यावर तसं मोठं धरण नाही. पार-तापी-नर्मदा नदीजोडणीत डांगात धरणं बांधायचा बेत होता, पण आदिवासींनी विरोध केला आणि २०२२ मध्ये गुजरात सरकारने तो सोडून दिल्याचं जाहीर केलं. म्हणून अंबिका नदीच्या खोऱ्यातल्या या धबधब्यावर नदी जशी आहे तशी दिसते. पावसात माजलेली, थंडीत रोडावलेली. ज्या डांगात ऑगस्टात रस्ते पाण्याखाली जातात, तिथेच उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन पाणी शोधत चालतात. नळ सोडला की पाणी येतं एवढाच भूगोल ज्या मुलाला माहीत आहे, त्याला हे दाखवायला याहून स्वस्त शाळा कुठली? आणि मंडळी, ही अंबिकासुद्धा आपल्यातलीच. उगम नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा तालुक्यात, आणि पोट भरायला गुजरातेत. सचिनचे नवाबही मूळचे जंजिऱ्याचे सिद्दी, संस्थान थाटलं १७९१ मध्ये. बाहेरून येऊन इथे रुजायची रीत जुनी आहे. फरक एवढाच, की अंबिकेला कुणी 'तुमचं मूळ गाव कोणतं?' असं विचारत नाही.

(फाइलमधून कागद काढतो.) आता परदेशी पुरावा. परदेशी पुरावा आला की आपल्याकडे लोक सरसावून बसतात. नायगारा! १९६९ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी तिथला अमेरिकन फॉल्स चक्क बंद केला. वर बांध घातला, पाणी शेजारच्या धबधब्याकडे वळवलं, कशासाठी? तर दगड तपासायला. कडा कसा झिजतो, खाली दरडींचा ढीग का साचतो, हे पाणी असताना दिसत नाही. आणि तो कोरडा कडा बघायला लोक गर्दी करून आले! एवढंच कशाला, १९५० च्या करारानुसार हिवाळाभर नायगाऱ्यावर सोडायचं पाणी पर्यटनाच्या मोसमातल्या दिवसाच्या निम्मं चालतं, बाकीचं वीज करायला जातं. म्हणजे जगातला सगळ्यात नावाजलेला धबधबाही थंडीत अर्ध्या पगारावर काम करतो. त्याला कुणी कोर्टात खेचत नाही. अमेरिकेला जे बघायला बांध घालावा लागला, ते अंबिका दरवर्षी फुकट दाखवते. वरचा टणक थर, त्याखालचा जरा ठिसूळ, ठिसूळ आधी झिजतो, टणक अधांतरी राहतो, मग एक दिवस तुटून पडतो. धबधबा असा तसूतसूने मागे सरकत असतो. ऑगस्टात हे सगळं फेसाखाली असतं. डिसेंबरात पोराच्या बोटाखाली येतं.

'पोरांना दगड दाखवून काय करायचं? कंटाळतील.' हा आक्षेप नेहमी मोठ्यांकडून येतो, आणि तो मोठ्यांबद्दलच असतो. पाण्याची भिंत बघायला मुलाला किती वेळ लागतो? एक मिनिट. दुसऱ्या मिनिटाला ते विचारतं, 'आता काय?' कारण भिंतीचं काही करता येत नाही, लांबून बघावी लागते आणि आई हात सोडत नाही. उथळ डबकं, सपाट दगड, वाळू, एखादा खेकडा, कठड्यावरचं माकड यांच्यापुढे मुलाचे दोन तास सहज जातात. भव्य देखावा लागतो आपल्याला, मागे उभं राहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला. तेव्हा कंटाळा कुणाला आला, हे नीट लिहून घ्या. (खिशातली चप्पल काढून टेबलावर ठेवतो.) मात्र माझं अशील निरुपद्रवी आहे, असा दावा मी करत नाही. शेवाळलेला दगड डिसेंबरातही पाडतो, आणि कड्याखालचा डोह उथळ दिसला तरी उथळ असतोच असं नाही. पोराचा हात धरायचाच. फक्त हिवाळ्यात हात धरून चालता येतं, पावसाळ्यात हात धरून नुसतं उभं राहावं लागतं.

आता बेत. थंडीतल्या सहलीचा खरा शत्रू पाण्याची कमतरता नाही, उजेडाची कमतरता आहे. डिसेंबरात सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास जातो. हाताशी पावणेअकरा तास. नवसारी, चिखली, वांसदा करत वघईला पोचायला, लघवी, उलटी आणि 'मला पुढे बसायचंय' धरून, तीन तास. येताना तीन. उरले पावणेपाच. आणि इथे उभा राहतो आपल्या सहलींचा खरा गुन्हेगार, ज्याचं नाव आहे 'आलोच आहोत तर'. आलोच आहोत तर सापुतारा करू, पुढे पन्नासच किलोमीटर. आलोच आहोत तर बोटॅनिकल गार्डन, आलोच आहोत तर उनाईच्या गरम कुंडात आंघोळ. शेवटी सगळं होतं, फक्त धबधबा दहा मिनिटांत उरकतो, आणि फिर्याद त्याच्यावर! माझी सूचना अशी, की धबधब्याच्या जोडीला एकच गोष्ट घ्या. उनाई घेतलीत तर हा टॉवेल तिथे कामाला येईल. आगगाडीची हौस असेल तर बिलीमोरा-वघई छोटी लाइन आहे, सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये सुरू केलेली. त्रेसष्ट किलोमीटरला तीनेक तास घेते. वेळापत्रक आधी बघा, आणि त्या दिवशी मग बाकी काही मागू नका.

(माकडटोपी घालतो.) 'थंडी बाधेल' हा शेवटचा आक्षेप. सुरतेत पारा पंधरावर आला की आपण अशा टोप्या काढतो, जणू उद्या सियाचीनला हजर व्हायचंय. सकाळी टोपी, दहाला स्वेटर काढा, बाराला सावली शोधा, एवढीच इथली थंडी. दुपारी कोवळं ऊन, सोबत कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वाटेत मिळालाच तर पोंक, म्हणजे आपला हुरडा. ऑगस्टात हाच डबा छत्रीखाली उभ्याने खावा लागतो, आणि भाकरीत पाऊस मुरतो. (टोपी काढतो, फाइल बंद करतो.) तेव्हा न्यायाधीश महाराज, म्हणजे समोरचे समस्त आईबाप, निकाल तुमच्या हातात. माझ्या अशिलाला निर्दोष सोडा, आणि फिर्यादींना एवढीच समज द्या. ज्यांना पाणी हवंय त्यांनी जुलैत जावं, पोरं आजीकडे ठेवून, कठड्याच्या अलीकडे उभं राहून. ज्यांना पोरांना घेऊन जायचंय, त्यांनी डिसेंबरात जावं आणि ऑगस्टचा फोटो मोबाइलमधून काढून टाकावा. आणि ज्यांना दोन्ही एकदम हवंय, त्यांनी वकील बदलावा.

(टॉवेल फिर्यादीच्या दिशेने प्रेक्षकांत फेकतो. अंधार.)