आउट कुणी व्हायचं नाही

अगं, झाले ना कपडे वाळत घालून? मग ये इकडे, या जास्वंदीपाशी, इथे ऊन तरी आहे. काय गारठा पडलाय! सकाळी पेपरात निफाडचा पारा वाचला की मला नाशकात हुडहुडी भरते. हं, आता सांग. चिकूच्या वाढदिवसाचं काय ठरलं? तुझ्या सासूबाई म्हणत होत्या, कुणी इव्हेंटवाला येऊन गेला म्हणे, टॅबवर फोटो दाखवत होता.

नाही बाई, मी कशाला बोलू. तुमचा मुलगा, तुमची हौस. पण परवा मी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर वाढदिवसाला जाऊन आलेय, तेवढं ऐक आणि मग काय ते ठरव.

कुणाचा ते विचारू नकोस, आमच्या ह्यांच्या नात्यातले आहेत. मुलगा चिकूएवढाच, चारचा. दारात फुग्यांची ही एवढी कमान, आणि कमानीखाली डायनोसॉर. आत माणूस घातलेला, शेपूट हलवणारा. तो डायनोसॉर टाटा करायला पुढे आला मात्र, उत्सवमूर्ती जी आजीच्या शालीत शिरली ती केक कापेपर्यंत बाहेर आली नाही. मग आला तो माइकवाला. "हॅलो नाशिऽऽक!" अगं, समोर मूठभर पोरं आणि बाकी सगळी मोबाइल उंच धरलेली मोठी माणसं. पहिलाच खेळ काय, तर संगीत खुर्ची. आणि पहिला आउट कोण? ज्याचा वाढदिवस तोच! असं भोकाड पसरलं म्हणतेस! मामाने त्याला उचलून परत आत बसवलं. तर दुसरीची आई म्हणते, मग आमच्या पिंकीलाही घ्या, ती तरी कुठे नीट आउट झालीय. शेवटच्या दोन खुर्च्यांपाशी पोरं कमी आणि पंच जास्त. जिंकला तो सात-आठ वर्षांचा एक दांडगोबा, आणि त्याच्या बक्षिसाकडे बघत बाकीची सगळी मुसमुसतायत. मी आपली गुलाबजाम खात बघत होते. काय करणार, माइक त्याच्या हातात.

आता तो माइकवाला काही वाईट नव्हता गं. त्याला कुणी सांगितलंच नसेल की ही पोरं अजून हरण्याच्या वयाची नाहीत. बालवाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला झां पियाजे शिकवायचे. स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ. हा गडी पोरांमध्ये बसून गोट्यांचे नियम विचारत बसायचा. 1932 साली त्याचं पुस्तक आलं, त्यात त्याने लिहिलंय की अगदी लहान पोरं शेजारी शेजारी बसून एकच खेळ खेळतात, पण ज्याचा त्याचा. जिंकलं कोण म्हणून विचारावं, तर सगळेच. नियम धरून एकमेकांवर मात करायचं त्यांना सातेक वर्षांच्या पुढे कळायला लागतं.

आणि आपल्याला हे स्वित्झर्लंडहून कशाला कळायला हवं? लपंडाव खेळताना धाकट्या भावंडाला आपण घेत नव्हतो का कच्चं लिंबू म्हणून? तो धावणार, लपणार, ओरडणार, सगळं करणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. कुठल्या मोठ्या माणसाने केला हा नियम? पोरांनीच केला. म्हणजे रडारड होत नाही, आणि घरी जाऊन कुणी चुगलीही करत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की चिकूच्या वाढदिवसाला सगळीच कच्ची लिंबं आहेत असं धरून चाल. खेळ असे निवड की ज्यात आउट होताच येत नाही.

किती पोरं बोलावतेयस? पंचवीस? अख्खी नर्सरी? अगं, वयाच्या दुप्पट पोरं म्हणजे डोक्यावरून पाणी. आठ बोलाव. फार तर दहा. आणि संध्याकाळी सात वगैरे नाही हं. सकाळी अकराला बोलाव, या उन्हात. दीड तासात सगळं उरक. चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप यायच्या आत केक, खेळ, खाऊ झालं पाहिजे, नाहीतर मग कुठलाही खेळ रडण्याचाच.

पोरं एकदम येत नाहीत, ठिबकत येतात. जी लवकर येतात ती तोपर्यंत काय करतात? तुझे पडदे ओढतात. म्हणून व्हरांड्यात सतरंजी टाक, कार्डबोर्डचे मुकुट कापून ठेव आणि मेन रोडवरून टिकल्यांची पाकिटं आण. ज्याने त्याने आपल्या मुकुटाला टिकल्या चिकटवायच्या. डिंक नको, काही नको. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांना शिकवलं, ते शिंपले, खडे, पानं-फुलं असलं हाताशी असेल ते घेऊनच ना? आपल्याला मात्र चार फुगे लावायला डेकोरेटर लागतो.

बरं, खेळ. तळ्यात-मळ्यात घे. खडूने अंगणात मोठ्ठं तळं काढ. चुकला तो आउट नाही, चुकला तो बेडूक. बेडकाने एकदा डरावऽ करून परत यायचं. बघ, मुद्दाम चुकतात की नाही! मग ते चिमणी भुर्र, कावळा भुर्र. तुझा नवरा गाय उडाली म्हणाला की निम्मी पोरं हात उडवणार, आणि उडवू देत. पार्सल फिरवायचं असेल तर जुन्या 'देशदूत'चे थर घाल, जेवढी पोरं तेवढे थर, आणि प्रत्येक थरात एकेक खाऊची पुडी. गाणं थांबवणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे, म्हणजे पार्सल बरोब्बर सगळ्यांकडे एकेकदा थांबतं. लबाडी आहे खरी, पण बिनरडीची.

आंधळी कोशिंबीर मात्र नको. या वयात डोळ्यांवर पट्टी बांधली की काही पोरं घाबरतात. त्यापेक्षा भोंडल्याला खिरापत ओळखायला लावतो ना, तसं कर. स्टीलच्या डब्यात काहीतरी घाल आणि खुळखुळ वाजव. चमचा? किल्ली? शेंगा? पोरांची उत्तरं ऐकून हसून हसून पोट दुखेल. कुणीतरी हत्ती म्हणतोच.

आणि मामाचं पत्र! ते तर हवंच. पण मला सांग, यातल्या एकाही पोराने पत्र पाहिलंय का? 1925 साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, देशभर जाणारी पोस्टाची तिकिटं आपल्याकडे छापली गेली, आमचे मामंजी तिथूनच रिटायर झाले. आणि त्याच गावातली पोरं 'पत्र हरवलं' म्हणत रुमाल टाकतात, आणि पत्र म्हणजे काय ते विचारलं की मोबाइलकडे बघतात. तर असं कर. तुझ्या भावाला पुण्याला आजच फोन लाव. पोस्टकार्ड घे म्हणावं, पन्नास पैशांत मिळतं, वर दोन ओळी आणि एक माकड काढ आणि टाक चिकूच्या नावाने. ते येईल तेव्हा त्याला दाखवू नकोस. वाढदिवसाला सगळ्यांना गोल बसव आणि रुमालाच्या जागी ते खरं पोस्टकार्ड फिरव. ज्याच्या मागे पडेल त्याने धावायचं, पकडलं गेलं तर हसायचं, बस. शेवटी पत्र सापडलं म्हणायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. मामा स्वतः आला असेल तर कोपऱ्यात उभं कर त्याला. आपलं पत्र हरवून सापडताना किती मामांना बघायला मिळतं?

आता फुग्याचं बोलू. तो डोक्यावर टांगायचा मोठा फुगा असतो ना, चॉकलेटं आणि चमकी भरलेला, तो त्या लॉन्सवरही होता. फट्कन फोडला. निम्मी पोरं आवाजाने दचकली, उरलेली एकमेकांच्या अंगावर पडली, आणि चमकी कुणाच्या डोळ्यात, कुणाच्या केकवर. फुटक्या फुग्यांचे तुकडे पोरं तोंडात घालतात ते वेगळंच. अमेरिकेत फुग्याच्या पाकिटावर इशारा छापलेला असतो, की फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या फुग्याने आठ वर्षांखालची मुलं गुदमरू शकतात. आणि ते गॅसचे फुगे तर मेणबत्तीजवळ मुळीच आणू नकोस. फुगेवाल्याकडे बऱ्याचदा हायड्रोजन असतो, पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

मग फुग्याऐवजी काय? अगं, तुझ्या घरात आहे की! चिकूचा वाढदिवस संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मधे येतोय. बोरनहाण कर! पाच वर्षांपर्यंत करतातच. काळा झब्बा घाल, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, हातात बासरी. पाटावर बसव, औक्षण कर आणि डोक्यावरून ओत, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे, गोळ्या. आणि बाकीच्या पोरांनी वेचायचं. आहे का यात कुणी आउट? ज्याचा सण तो मधोमध राजासारखा बसलेला, आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. हा आपला जुना पार्टी गेमच आहे, फक्त माइक नव्हता म्हणून कुणाला कळलं नाही.

तेवढं एक कर, प्रत्येक पोराच्या हातात कागदी पिशवी दे, नाव घालून. ओततानाही एकदम नाही, मूठमूठभर. दोन-तीनदा ओत, आणि मधे म्हण की आता फक्त धाकट्यांनी वेचायचं. बोरं शास्त्रापुरती पाचच ठेव आणि लगेच उचलून घे. धाकटी भावंडं येतील ती दोन-अडीच वर्षांची, बी घशात जायला वेळ लागत नाही. शेंगदाणे, हरभरे त्यांच्यापासून लांब. आणि द्राक्षं! आपल्याकडे हंगाम सुरू झाला की वाटीभर द्राक्षं पोरांपुढे ठेवली नाहीत तर नाशिककर कसले? पण अख्खी द्यायची नाहीत. उभी चिरायची, चार फोडी करायच्या. घशाच्या मापाचं, गोल आणि गुळगुळीत, अडकलं की निघत नाही.

मोठ्यांचं काय म्हणालीस? त्यांनाही खेळायचंय? त्यांना म्हणावं, थांबा रंगपंचमीपर्यंत आणि जा जुन्या नाशकात. तिवंध्याच्या नाहीतर शनी चौकाच्या रहाडीत हे बाप्ये धप्पा मारतात ना, पेशव्यांच्या काळातल्या त्या हौदात, तेव्हा कुणी नंबर काढतं का? उडी मारली, रंगून बाहेर आले, झालं. पन्नाशीच्या माणसांना हरल्या-जिंकल्याशिवाय एवढी मजा येते आणि चार वर्षांच्या पोरांना मात्र आपण फर्स्ट-सेकंड लावतो.

रिटर्न गिफ्ट? ती वेचलेली पिशवी आणि तो टिकल्यांचा मुकुट. झालं की! हो, तुझी ती वरच्या मजल्यावरची मैत्रीण नाक मुरडेल, मला माहितेय. तिने गेल्या वर्षी प्रत्येकाला वॉटर बॉटल दिली होती. मुरडू दे. तिचा मुलगा पिशवी सोडेल तर बघ.

बरं, ऐक. सासूबाईंना विचार, हलव्याचे दागिने घरातच होतात की विकत आणायचे. मी मुकुट कापून देते, माझ्याकडे मिठाईचे रिकामे खोके पडलेत. आदल्या रात्री गाड्या बाहेर लावायला सांग, तळं काढायला जागा लागेल. आणि त्या इव्हेंटवाल्याला ॲडव्हान्स वगैरे दिला नाहीस ना?

दिलास?

बरं. मग निदान स्पीकर घेऊन ये म्हणावं त्याला, पार्सलच्या गाण्याला लागेल. माइक घरी ठेवून ये म्हणावं.